ओल्या फरशीवर अनवाणी

आधी तिला वाटलं, मुंगी चावली. मग वाटलं, एक नाही, पुष्कळ आहेत, आणि त्या बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत कातडीच्या आतून धावत सुटल्यात. पूर्णिमाने नळावरचा उजवा हात झटकन मागे घेतला. डाव्या हाताखाली, लांब केलेल्या पायांवर, सात महिन्यांची आर्या पालथी होती. पाठीला डाळीचं पीठ लावून झालं होतं, धुवायचं बाकी होतं. आंघोळ सुरू झाल्यापासून आर्याचं जे हूं-हूं चाललं होतं ते नेमकं तेव्हाच बंद पडलं. रडली नाही, दचकली नाही, गप्प झाली. पूर्णिमाने तिला उलटी करून छातीशी घेतलं, तर ती डोळे मोठे करून आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आता काय झालं ते तूच सांग, अशी. बादली भरून वाहत होती. पाणी फरशीवरून, पूर्णिमाच्या अनवाणी टाचांखालून, कोपऱ्यातल्या जाळीकडे चाललं होतं. नळ बंद करायला हवा होता आणि नळाला हात लावायचा नव्हता. पीठ माखलेलं मूल टॉवेलात गुंडाळून तिने हॉलमध्ये गादीवर ठेवलं, स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि दारातूनच वाकून त्याच्या टोकाने नळाची दांडी खाली ढकलली. लाटणं परत जागेवर ठेवताना तिला स्वतःचीच लाज वाटली. कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं? पण पाहायला कोणी नव्हतं, आणि हीच तर अडचण होती.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. गिझर चालू करून दोनच दिवस झाले होते. बहारीनमध्ये उन्हाळाभर गिझर बंद ठेवायचा, हे तिला लग्नानंतर माहूजच्या या फ्लॅटमध्ये आल्यावर कळलं होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंडच्या नळाखाली हात धरवत नाही. उलट बंद गिझरमध्ये पडून राहिलेलं पाणी एसीच्या घरात निवतं, म्हणून गार पाणी हवं तर गरमचा नळ सोडायचा. पहिल्या उन्हाळ्यात या उलट्या कारभाराचं तिला हसू यायचं. आर्या एप्रिलमध्ये सांगलीला झाली, जुलैत तिला घेऊन पूर्णिमा परत आली, तेव्हापासून चार महिने दोन्ही नळांचं पाणी मिसळून तिची आंघोळ चालली होती, विजेचा संबंधच नव्हता. टबात मात्र तिने मुलीला कधी घातलं नाही. सांगलीच्या शेवंतीबाई सव्वा महिना न्हाऊ घालायला यायच्या. त्यांनी चौदाव्या दिवशी पूर्णिमालाच पाटावर बसवून पाय लांब करायला लावले होते. "घाबरायचं न्हाई बाई. पोरगी पायावर असली की तुझं पाय तुला सांगत्यात, ती कशी हाय ते." आणि ते खरं होतं. पुस्तकातलं, मोबाइलमधलं, डॉक्टरांचं सगळं विसरून दिवसातली तेवढी पंधरा मिनिटं पूर्णिमाला काही कळायचं: पोट घट्ट आहे, नाक चोंदलंय, आज खूश आहे. बाकीच्या दिवसाचा तिला भरवसा नव्हता. ती पंधरा मिनिटं तिची होती, आणि आता त्यांत मुंग्या शिरल्या होत्या.

संध्याकाळी विवेक आला तेव्हा तिने चहा होईपर्यंत धीर धरला. विवेक मीना सलमान बंदरातल्या एका गोदामाच्या ऑफिसात खरेदीचं काम बघायचा. दिवसभर लोकांच्या बोलण्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती हेच पारखायचा, आणि घरी आला तरी ती नजर उतरायला थोडा वेळ लागायचा. "शॉक?" तो म्हणाला. "जोरात?"

"जोरात नाही. मुंग्या आल्यासारखा. पण कोपरापर्यंत."

"अगं, हाताला मुंग्या नुसत्याही येतात. त्याच कुशीवर झोपतेस तिला घेऊन." तरी तो उठला. बाथरूमच्या दाराशी ठेवलेल्या रबरी सपाता पायात सरकवून आत गेला आणि नव्या ओळखीच्या माणसाचा हात धरावा तसा त्याने नळ धरला. सोडला, पुन्हा धरला. "बघ. आता इकडचा." तो हसत बाहेर आला, पण हसताना त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याला ती ओळखत होती. ऑगस्टमध्ये आर्याचा श्वास शिट्टीसारखा वाजतोय म्हणून भर दुपारी टॅक्सी करून तिने हॉस्पिटल गाठलं होतं. श्वास ठीक होता. सप्टेंबरमध्ये गॅसचा वास येतोय म्हणून सिलिंडरवाल्याला दोनदा बोलावलं. गळती कुठेच नव्हती. त्यानंतर विवेक तिला डॉक्टरकडे घेऊन गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विवेककडे बघत, तिच्याकडे नाही, सावकाश समजावून सांगितलं होतं की बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं, आणि अर्धी-अर्धी गोळी लिहून दिली होती. तेव्हापासून पूर्णिमाचं म्हणणं घरात आधी उजेडात धरून बघितलं जायचं, खोटी नोट तपासावी तसं. विवेक वाईट नव्हता. तेच तर कठीण होतं. ओरडला असता तर तिला भांडता आलं असतं. तो फक्त मऊ व्हायचा.

"आपण गिझर बघूनच घेऊ ना," तो म्हणाला, तसाच मऊ. "तुझ्या मनातून जाईल." घरमालकाच्या ऑफिसातून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: तीन कोटेशनं द्या, सगळ्यांत कमी असेल ते पास होईल. विवेकला हे रास्त वाटलं. त्याचा तो रोजचाच धंदा होता. पूर्णिमाला वाटलं, तीन माणसं येणार, तिघांसमोर आपल्याला हाताच्या मुंग्या शब्दांत सांगाव्या लागणार, आणि ज्याला सगळ्यांत कमी पटेल त्याचंच खरं ठरणार.

शब्बीरचा नंबर समोरच्या बेनिटाने दिला. वसईची बेनिटा हॉस्पिटलात नर्स होती, ड्यूटीवर जाता जाता लिफ्ट पायाने अडवून म्हणाली, "त्यालाच बोलव गो. तोंडाचा पट्टा चालू असतो, पण हात चांगला हाय. आमच्याकडे येतो नि व्हिक्टरपेक्षा जास्ती बोलतो." व्हिक्टर म्हणजे तिचा नवरा. शब्बीर हैदराबादचा, दाढी रंगवलेला, बारा वर्षं इथेच. आत शिरतानाच त्याने बाथरूमच्या पाटाकडे बघितलं. "ये क्या मॅडम, पूजा भी इधर करते?" त्याने खिशातून टेस्टर काढून नळाला लावला, गिझरच्या पत्र्याला लावला. "देखो, आराम से सो रहा है बेचारा." पूर्णिमाने सांगितलं, शॉक आंघोळीच्या वेळी येतो. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. तिचंच बोलणं चुकलं. तिने 'आता है' म्हणण्याऐवजी 'लगता है' म्हटलं, जे 'वाटतं' असंही ऐकू येतं, आणि ते म्हणताच तिला दिसलं की त्याच्या डोळ्यांतली चौकशी विझली. "एलिमेंट बदल देते. पुराना हो गया होगा. आपके दिल को भी तसल्ली." दुसरा कंपनीचा माणूस होता. निळा शर्ट, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, हातात टॅब्लेट. त्याने गिझरचे चार बाजूंनी फोटो काढले, नळाला हात म्हणून लावला नाही, आणि पूर्ण युनिट बदला म्हणाला. "नळात करंट येतो कशाने पण?" तिने विचारलं. "मॅम, वो टेक्निकल टीम एक्सप्लेन करेगी." त्याचं कोटेशन तीन पानांचं आलं आणि विवेकने पहिल्या पानावरच ते बाजूला ठेवलं. तिसरा, सिराज, घरमालकाचाच माणूस. त्याने दारातूनच वाकून बोटांच्या मागच्या बाजूने नळाला टिचकी मारली. "मफी करंट, मॅडम. मफी मुश्किल." मफी म्हणजे नाही, एवढं इथलं अरबी तिला कळायचं. मग गादीवरच्या आर्याकडे हनुवटी करून म्हणाला, "पहला बच्चा?" तिने हो म्हटलं. "इसलिए," सिराज म्हणाला, आणि त्याच्या मते विषय संपला. त्याने पैसे सांगितलेच नाहीत; करायचंच काही नव्हतं. तीन माणसं, तीन उत्तरं: थोडं बिघडलंय, पार बिघडलंय, बिघडलेलंच नाही. आणि तिघांच्याही उत्तरांत तिचा हात कुठेच नव्हता.

त्या दिवसांत तिने आर्याला हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या टबात, पातेल्यात तापवलेल्या पाण्याने आंघोळ घातली. आर्याला टब आवडला नाही. ती घसरायची, कडांना धरून ओरडायची, आणि पूर्णिमाचे पाय मोकळे, निरुपयोगी, बाजूला पडलेले असायचे. विवेक रोज गिझरच्याच पाण्याने आंघोळ करायचा. "बटण बंद करून मग जा," ती म्हणायची, "हो" म्हणून तो तसाच जायचा. तिला ते कळायचं, कारण ती दाराबाहेर उभी असायची. भिंतीला खांदा लावून, आर्याला कडेवर घेऊन, ती पाण्याचा आवाज ऐकायची. तो गुणगुणायचा. गुणगुणणं थांबलं की तिचा श्वास थांबायचा. साबण डोळ्यांत गेला असेल, दाढी करत असेल. मग पुन्हा सुरू व्हायचं. शिट्टीसारखा वाजणारा श्वास तिने असाच ऐकला होता. गॅसचा वास तिला असाच आला होता, अगदी खरा, घशात बसणारा. मग हे तरी खरं कशावरून? तिचा हात तिला खोटं सांगत असेल तर? नाक खोटं बोललं, कान खोटे बोलले, आता हाताची पाळी. ती स्वतःचीच बोटं चोळून बघायची. त्यांना काही वाटायचं, पण ते चोळल्यामुळे असायचं.

बुधवारी दुपारी आर्या झोपली आणि पूर्णिमा बाथरूममध्ये गेली. तिने ठरवलं असं काही नव्हतं, पाय गेले. आधी ती सपाता घालून उभी राहिली आणि नळ धरला. काही नाही. तिघांनाही काही सापडलं नव्हतं. मग तिने नळ सोडला, बादली भरू दिली, पाणी वाहू दिलं, आणि वर गिझरच्या पोटाशी काहीतरी टकदिशी वाजलं. छोटा लाल दिवा लागला होता. म्हणजे आतलं गरम पाणी गेलं, गार भरलं, आणि तो आता तापवायला लागला. तिला एकदम आठवलं, तिघेही आले तेव्हा हा दिवा विझलेला होता. सकाळपासून तापून तो निवांत बसला होता, आणि विवेकने संध्याकाळी हात लावला तेव्हाही. आणि सगळे उभे होते, रबरावर. शब्बीरच्या पायात जाड चप्पल, कंपनीवाल्याच्या बुटांवर पिशव्या, सिराज तर दाराबाहेर. या घरात या ओल्या फरशीवर अनवाणी, पाय पसरून, वाहता नळ हाताशी घेऊन कोण बसतं? ती एकटी. आणि तिच्या पायांवर आर्या. बी.एस्सी.ला तिचा विषय वनस्पतिशास्त्र होता, पण एवढं समजायला तेही लागत नव्हतं. तिने सपाता काढल्या. पाटावर बसली. पाय लांब केले, टाचा पाण्यात टेकल्या, आणि उजव्या हाताचं एक बोट, फक्त एक, तिने नळाला लावलं. त्या मुंग्या धावत आल्या. तिच्या तोंडून निघालेला आवाज ओरडण्याचा नव्हता; कितीतरी दिवसांनी हरवलेलं काही सापडल्यावर निघतो तसा होता. ती तिथेच ओल्यात बसून हसली, आणि मग तिला आठवलं की त्या सकाळी आर्या गप्प झाली होती.

तिने लगेच विवेकला फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं: दिवा, सपाता, पाट. पलीकडे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. 

"म्हणजे तू मुद्दाम हात लावलास?"

"एकच बोट. बघायला."

"घरात आर्या एकटी असताना."

"झोपली होती ती. विवेक, अरे मी काय सांगतेय ते—"

"पूर्णिमा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की तिला थंडी वाजली. "गोळी घेतेस ना रोज? मी शब्बीरला शुक्रवारी बोलावतो. एलिमेंट बदलू. पण तू परत त्या नळाला हात लावणार नाहीस. मला शब्द दे." तिने शब्द दिला. फोन ठेवल्यावर तिला कळलं, आपल्याकडे जो एकमेव पुरावा होता तोच आता आपल्याविरुद्ध झाला आहे. गिझर बिघडलाय हे सिद्ध करायला ती निघाली होती, आणि सिद्ध काय झालं तर ती स्वतःला शॉक लावून घेते. एलिमेंट बदलतील. पत्रा तोच राहील, मागची जुनी वायर तीच राहील. सगळे म्हणतील, झालं, आता घाल आंघोळ. आणि तिला पाटावर बसावं लागेल, मूल पायांवर घ्यावं लागेल आणि नळ सोडावा लागेल, त्यांच्या बोलण्यावर. गुरुवारी दिवसभर तिच्या मनात एकच वाक्य वर-खाली होत राहिलं: एकदा, फक्त एकदा विवेकला तो लागायला हवा. थोडासा. मुंग्यांइतकाच. त्या वाक्याची तिला भीती वाटली नाही, याचीच तिला भीती वाटली.

शुक्रवारी दहाला शब्बीर आला, नवं एलिमेंट खोक्यात घेऊन. विवेक घरीच होता, सुट्टीचा, चहाचा कप हातात. हॉलमध्ये उशांच्या कोंडाळ्यात बसून आर्या चमच्याने डबा बडवत होती. शब्बीर बाहेरचं बटण बंद करायला गेला तेव्हा पूर्णिमा म्हणाली, "रुको." ती आत गेली, सपाता घालून, आणि लाटण्याने नाही, हातानेच नळाची दांडी वर केली. विवेकने तोंड उघडलं, पण नुसतं "अगं" म्हणाला. सगळे पाण्याकडे बघत उभे राहिले. पाटाखालची फरशी काळी होत गेली. वर टक वाजलं, दिवा लागला. "अभी लगाओ टेस्टर."

शब्बीरने टेस्टर लावला. काचेच्या आत नारिंगी काहीतरी हललं, किंवा ट्यूबलाइट चमकली. "नाही ना पेटला," विवेक म्हणाला. शब्बीर या वेळी बेचारा वगैरे काही म्हणाला नाही. त्याने टेस्टर तिरपा करून हाताच्या आडोशाला धरला, पुन्हा बघितला आणि खिशात घातला.

"अब चप्पल निकाल के हाथ लगाओ," पूर्णिमा म्हणाली. "पानी में खड़े रह के. मैं वैसे ही बैठती हूँ, बच्ची को लेके."

शब्बीर हसला. मग त्याने फरशीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, गिझरमागून आलेल्या वायरीवर त्याची नजर एका जागी थांबली. हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्यातून माणूस निघून गेला होता. "छोड़ो ना मॅडम," तो म्हणाला. "बाल-बच्चे वाला आदमी हूँ."

"ऐकलंस?" पूर्णिमा म्हणाली.

"काय ऐकायचं त्यात? मस्करी करतोय तो." विवेकने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "थांब. एकदाच संपवू हे. मी लावतो." आणि तो स्वतःच्या पायातल्या सपाता काढायला लागला. एक पाय भिंतीला हात टेकून, दुसरा उंबऱ्याच्या आत. पूर्णिमा बाहेर आली होती, त्याला वाट देण्यासाठी. तिच्या खांद्याशीच भिंतीवर गिझरचं बटण होतं. तिने काही म्हणायचं नव्हतं. काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. त्याचा गोरा, मऊ, ऑफिसात बुटांत राहिलेला पाय ओल्या फरशीकडे खाली येत होता, आणि त्या पायाचा अंगठा, दुसऱ्या बोटापासून दूर गेलेला, हुबेहूब आर्याच्या अंगठ्यासारखा होता. हे तिला आत्ता दिसलं. मुंग्यांइतकाच लागेल, हे तिला कोणी सांगितलं होतं? एका बोटाला मुंग्या; तो तर पूर्ण पंजाने धरणार, त्याची सवयच ती. धरल्यावर सुटला नाही तर? हॉलमध्ये चमचा डब्यावर पडला, एकदा, दोनदा. तिचा हात वर गेला आणि तिने बटण दाबलं.

बटणाचा आवाज वाहत्या पाण्यात बुडाला. वरचा दिवा विझला. विवेक पाठमोरा होता, नळावर वाकलेला. त्याने नळ धरला, घट्ट, मुठीत. धरून ठेवला. मग मान वळवून तिच्याकडे बघून हसला, आणि त्या हसण्यात इतकी सुटका होती, इतकं प्रेम होतं, की तिला ते बघवेना. "बघ. काही नाही. आहे काही? दोन्ही हातांनी धरतो, बघ."

"नाही," ती म्हणाली.

"पटलं ना आता?"

मी बंद केलं, असं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग चालू कर, पुन्हा लावतो. त्याच्यासारखा माणूस दुसरं काय म्हणणार? तिला त्याचं ते वाक्य ऐकू येत होतं, त्याच्या आवाजात. "पटलं," ती म्हणाली. त्याने बाहेर येऊन ओल्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं आणि तो हॉलमध्ये गेला. "आर्याबाई, काय वाजवताय?" त्याचा आवाज आला, हलका, कितीतरी दिवसांत आला नव्हता तसा.

शब्बीर हलला नव्हता. तो विझलेल्या दिव्याकडे बघत होता, मग बटणाकडे, मग बटणावरच्या तिच्या हाताकडे. "साहब को—" त्याने सुरुवात केली. तिने मान हलवली. त्याने दाढी खाजवली. 

"मॅडम, अर्थिंग का तार काट के रखा है किसी ने. पीछे. उस दिन मैंने देखा नहीं." तो हळू बोलला, पण मान खाली घातली नाही. "एलिमेंट से नहीं होगा. पूरा निकालना पड़ेगा. तार भी नया, बोर्ड तक."

"तो निकालो. कोटेशन दूसरा लिख दो."

"ज़्यादा का होगा. साहब पूछेंगे, कल कुछ और बोला, आज कुछ और. क्या बोलूँ उनको?"

"बोलो, टंकी सड़ गई है अंदर से."

"वो तो सड़ी ही होगी," शब्बीर म्हणाला. त्याने नव्या एलिमेंटचं खोकं दाराबाहेर ठेवलं, बॅगेतून पाना आणि पक्कड काढली आणि चप्पल न काढता पाटावर चढला. चढून झाल्यावर त्याने वळून तिच्याकडे बघितलं. "हाथ उधर ही रखना, मॅडम."

तिने ठेवला. हॉलमध्ये विवेक काहीतरी गुणगुणत होता, आर्या त्याला डब्यावर साथ देत होती. वरून गंजाचं लाल पाणी थेंब थेंब बादलीत पडायला लागलं. शब्बीरने पहिली वायर सोडवली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, मग दुसरी सोडवली. पूर्णिमाचा खांदा दुखायला लागला होता. दुसऱ्या वायरीचंही टोक मोकळं लोंबकळताना तिने डोळ्यांनी बघितलं, तरी तिने हात काढला नाही.